याले सर्दी झाली

१९८०च्या सुमारास सावली गावाजवळच्या तांदळाच्या कोंड्याच्या तेलाच्या कारखान्यात मी टायपिस्ट होते, तेव्हाचे ते फिटरभाऊ. दाढी कायम वाढलेली, पण खिशात दाढीचा ब्रश. पाइपच्या प्रत्येक जोडावर ते साबणाचा फेस लावत. बुडबुडा फुगला, की तिथून तेल काढायच्या रसायनाची विषारी वाफ हवेत गळतेय. "बाई, याले सर्दी झाली," म्हणायचे.

एकदा साहेब चिडले, "थोडा वास चालतो. पंप सुरू करा."

भाऊंनी ब्रश त्यांच्याच हातात दिला. "तुमीच लावून पाहा."

साहेबांनी फेस लावला. लिंबाएवढा बुडबुडा आला. पंप बंदच राहिला.

भाऊ निवृत्त झाले त्या दिवशी त्याच साहेबांनी त्यांना नवाकोरा ब्रश दिला. भाऊंनी तो वाढलेल्या दाढीवर फिरवून पाहिला.

"आता दाढीच करा लागन मले."