वाचून दाखविले, समजावून सांगितले

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. पत्नीला नाही, भावाला नाही. गावच्या देवापुढे गाऱ्हाणे घालतानाही हा विषय मी दरवर्षी वगळला — देवाला ठाऊक असेलच, अशी स्वतःची समजूत घालून. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर? तरीही सांगतो. आयुष्यभर मी प्रत्येक कागदाच्या शेवटी ‘सबब विनंती की’ असे लिहीत आलो. या कागदात विनंती नाही.

परळला एका कचेरीच्या कुंपणाला लागून माझे टेबल आहे. वर निळी ताडपत्री, बाजूला पाटी — ‘मराठी व इंग्रजी अर्ज, प्रतिज्ञापत्रे, तक्रारी’. माझ्या अक्षराची त्या कचेरीत कीर्ती आहे. एका साहेबांनी माझा अर्ज हातात धरून म्हटले होते, “हा माणूस वकील व्हायचा.” ते वाक्य मी किती जणांना ऐकवले असेल, त्याची गणती नाही.

आता त्या पाटीविषयी. इंग्रजी — कसे सांगू? इंग्रजी मला येत नाही. नमुन्यांची एक वही आहे. तिच्यातून उतरवतो, नाव-पत्ता बदलतो. अक्षरे लागतात, ओळखीचे शब्द सापडतात. पण अनोळखी इंग्रजी पान समोर आले की माझ्यापुढे भिंतच. शाळा आठवीत सुटली. लोकांना मी मॅट्रिक सांगत आलो. एवढ्याने कोणाचे काय बिघडले? असे मी पुष्कळ वर्षे म्हणत होतो.

लालबागला पारूवहिनींची खानावळ होती. आधी गिरणी कामगार जेवत, गिरण्या गेल्यावर त्यांनी ऑफिसांना डबे दिले. मी कोकणातून आलो तेव्हा पहिले वर्ष त्यांच्याकडेच जेवलो; खिशात काही नसे, तरी माझे पान मांडलेले असे. त्यांचे यजमान लवकर गेले. मुलगा विरारला बिऱ्हाड करून राहिला. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा वहिनींनी खानावळ बंद केली, मोठी टोपे विकली, आणि जन्माची पुंजी घेऊन एका प्रश्नापाशी येऊन थांबल्या — ही ठेवायची कुठे?

त्यांना चाळीतली आपली खोली सोडायची नव्हती. मुलापुढे हात पसरायचा नव्हता. म्हणजे दरमहा काही हाती येणे भाग होते, आणि बँकेच्या व्याजात ते बसत नव्हते. दादरचा एक एजंट त्यांना इन्कम फंडाचा अर्ज आणि जाड इंग्रजी पुस्तिका देऊन गेला. दरमहा बँकेपेक्षा जास्त, म्हणाला.

वहिनी शाळेत गेलेल्या नव्हत्या. मराठीत सही तेवढी करीत. ती पुस्तिका घेऊन त्या माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसल्या. निम्मे बँकेत, निम्मे फंडात, असे त्यांच्या मनात होते — दोन चुलींवर दोन टोपे. पण आधी त्यांना एक गोष्ट हवी होती.

“भाऊ, खानावळीत मी एक बघलंय. जो म्हणता ‘महिन्याच्या शेवटी चार पैशे जास्त देतंय’, तेका दुसऱ्या खानावळीन भायर काढलेलो असता. ह्यो फंड जास्त देता म्हणता. मगे तो माजे पैशे कोणाक देता? आणि माका होये तेव्हा परत मिळतले मां? ह्या पुस्तकात लिवलेला असतला. वाचा आणि सांगा.”

त्या प्रश्नाहून नेमका प्रश्न मी आजवर कोणत्याही अर्जात लिहिलेला नाही.

रांगेत चार माणसे उभी होती. मी चष्मा लावला, पुस्तिका उघडली, ओळींवरून सावकाश बोट फिरवले. एका जागी ‘कंपनी’ हा शब्द ओळखीचा दिसला. तेवढा आधार मला पुरला.

“मोठमोठ्या कंपन्यांना देतात, वहिनी.”

“आणि परत?”

“केव्हाही.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “बारीक अक्षर दिसत नसला तर तसा सांगा हां. शेजारच्यांची सून बँकेत आसा. रविवारी तिच्याकडसून वाचून घेतंय.”

बारीक अक्षर! माझी लाज राखून त्यांनी मला वाट करून दिली होती. मी काय केले? मान ताठ केली. “वहिनी, पंचवीस वर्षे मी हेच करतो आहे. आता सून मला शिकवणार?”

रांगेतला एक जण हसला. “काकी, साहेब लोक यांच्याकडून शिकतात. तुम्ही कुठे सुनेच्या नादी लागता!”

वहिनी ओशाळल्या. मला दुखावले असे त्यांना वाटले असावे, आणि ते भरून काढण्यासाठीच की काय — आजही मला हेच वाटते — त्या म्हणाल्या, “मगे सगळेच हयसर, फंडात घाला. तुमी सांगल्यात म्हणजे झाला.”

मराठीत सही करणाऱ्यांसाठी त्या अर्जाच्या शेवटी एक चौकट होती. तीत मी माझ्या उत्तम अक्षरात लिहिले : ‘सदर योजनेची माहिती व तीतील जोखीम अर्जदारास मराठीतून वाचून दाखविली, समजावून सांगितली; ती समजल्याचे त्यांनी मान्य केले.’ खाली सही, वर शिक्का. फी घेतली नाही. त्या दिवशी स्वतःचे कौतुक वाटत मी घरी गेलो, हेही लिहून ठेवतो.

वर्षभर पैसे येत राहिले. मग थांबले. फंडाने ज्या कंपन्यांना कर्जे दिली होती, त्यांना ती फेडता येईनात. पैसे काढणे बंद झाले. वहिनी आल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर? — कदाचित मी बोललो असतो. कदाचित नसतोही.

“तक्रार लिवा,” म्हणाल्या. “बाकी काय नको. पैशे अडाकतले असा माका कोणी सांगूक नाय, येवढाच लिवा.”

मी लेखणी हातात धरून बसलो. ते वाक्य लिहिले, तर माझ्या शिक्क्याचा कागद कोणीतरी काढणार. मग विचारणार — ज्याने वाचून दाखवले, त्याने काय वाचले? इतका वेळ मी ज्याच्या भोवती फिरतो आहे, ते हे : ते वाक्य मी लिहिले नाही. दोन पाने भरली — वृद्धत्व, वैधव्य, चुलीपुढचे कष्ट, सगळे आले. तेवढेच आले नाही.

“वाचून दाखवा,” वहिनी म्हणाल्या.

मी वाचले. आणि त्या जागी पोचल्यावर, कागदावरची नजर न हलवता, कागदावर नसलेले वाक्य वाचले : ‘पैसे अडकू शकतात, असे मला कोणीही सांगितले नाही.’

वहिनींनी मान डोलावली. “बरोबर.” सही केली.

उत्तर इंग्रजीत आले. तोवर मोबाईल माझ्या कामी येऊ लागला होता. फोटो काढला की मराठी होते. जोखीम समजावून सांगितल्याची लेखी नोंद आहे आणि तक्रारदाराने तिच्यावर आक्षेप घेतलेला नाही, सबब तक्रार निकाली. मग मी माझ्याच खणात राहून गेलेली ती पुस्तिका काढली आणि त्या पानाचाही फोटो काढला. सगळे तिथे होते. पैसे कोणाला देतात, ते बुडू शकतात, काढणे थांबवले जाऊ शकते. चहा कपात ओतायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मोबाईलने ते सांगितले.

“मोठ्यांपुढे आपले काय चालते, वहिनी,” मी त्यांना म्हणालो.

पुढे पैशाचे तुकडे परत आले. तोवर खर्चापायी खोली गेली होती.

पाटीवरचा ‘इंग्रजी’ हा शब्द खोडावा असे शंभरदा मनात आले. पण खोडला तर विचारतील — का खोडला?

विरारला जायच्या आदल्या दिवशी वहिनी शेवटच्या आल्या. रेशनकार्डावरचा पत्ता बदलायचा होता. अर्ज मी मन लावून लिहिला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मला तो त्यांना वाचून दाखवायचा होता. इतके काही वाचावेसे मला कधी वाटले नव्हते.

“वाचतो, ऐका,” मी म्हणालो.

“वाचूक कित्याक? तुमी लिवल्यात मां!” त्या हसल्या. सही करून हात टेकत उठल्या. “टेम्पोवालो उद्या सकाळीच येतलो, भांडी बांधूची आसत. विरारक येवा जेवूक.”

त्या गेल्या. सहीखाली एक ओळ लागते, तिच्यावाचून कचेरीत अर्ज घेत नाहीत. मी ती लिहिली — वाचून दाखविले, समजावून सांगितले — आणि शिक्का मारला.