कुठनं आलं, तेवढं सांग

नवा माणूस ऑफिसात आला की आमच्यातले सगळ्यात जुने प्रोग्रामर तात्या आधी गाव विचारायचे, मग नाव. मला म्हणाले, "कळसची व्हय? कुणाच्या घरातली?" मी मनात म्हटलं, झालं! बारामतीत प्रोग्रामिंग करायला आलेय की सोयरीक जुळवायला?

पुढं कळलं, ते प्रोग्रामलाही हेच विचारतात. काही बिघडलं की आम्ही दुरुस्तीला धावायचो आणि तात्या खुर्ची मागं सरकवून म्हणायचे, "थांबा की. हे कुठनं आलं, तेवढं आधी बघा." मला या सवयीचा भारी राग यायचा. आग लागलीय आणि हे गृहस्थ काडीपेटीचा पत्ता विचारतायत!

माझ्या प्रोबेशनचा शेवटचा आठवडा होता. हंगाम तोंडावर आलेला, कारखान्याला ऊसनोंदणीचा प्रोग्राम सोमवारी द्यायचा होता. त्याचं बिल्ड करणारा, म्हणजे सगळे तुकडे जोडून प्रोग्राम तयार करणारा, एक टास्क आम्हीच लिहिलेला. सर्व्हरवर त्याला 'ऊसनोंद' नावाचा क्लास, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, सापडेना. मी कुणाला न सांगता त्याची एक प्रत माझ्या फोल्डरमधून जोडून दिली. दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी एरर आली, की 'ऊसनोंद' हा 'ऊसनोंद' म्हणून चालणार नाही. अगं बाई, स्वतःच स्वतःला ओळखेना?

"कुणी हात लावला होता?" साहेब कडाडले. मी नोकरी गेलीच म्हणून समजले.

तात्यांनी टास्कमध्ये दोनच ओळी घातल्या. प्रत्येक 'ऊसनोंद' कुठून उचलला, ते छापायच्या. स्क्रीनवर दोन पत्ते उमटले. दुसऱ्या पत्त्यात माझं नाव होतं. तात्यांनी वाचलं आणि सावकाश ती खिडकी मिटवली.

"नाव एक, घरं दोन," ते साहेबांना म्हणाले. "बावड्याच्या दत्तूची चिठ्ठी कन्हेरीच्या दत्तूला दिली, तर त्यो घील का?" त्यांनी ती जादा प्रत काढली आणि टास्कला 'ऊसनोंद' आधी मुख्य बिल्डकडं मागायला लावलं. "धाकट्यानं आधी थोरल्याला इचारावं." बिल्ड झालं. साहेबांनी पुन्हा "पण कुणी?" म्हटलं, तोवर तात्या चहाला निघालेसुद्धा.

निवृत्त होऊन ते कन्हेरीला शेतीकडं निघाले, त्या दिवशी मी धीर करून म्हटलं, "तात्या, ती प्रत मी जोडली होती."

"म्हाईत हाय की."

"मग बोलला का नाहीत?"

"आपण कुठनं आलं इचारतो, पोरी. कुणी केलं इचारलं, की माणसं लपवाय लागत्यात. मग बिघाड जल्मात सापडत न्हाय."

मला रडूच आलं. त्यांनी डबा पिशवीत घातला आणि गेले.

आज त्यांच्या खुर्चीत मी बसते. परवा बिल्ड बंद पडलं, तेव्हा इंदापूरहून नव्यानं आलेल्या एकीचा चेहरा पांढराफटक झाला. काय ते मी ओळखलं. खुर्ची मागं सरकवली आणि म्हटलं, "कुठनं आलं, तेवढं बघू या."

ती हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्याकडनं."