ईयोबाचा शेवट

आमच्या शाहूपुरीतल्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत वडील बायबल वाचायचे ते मुंगीच्या पावलानं. आधी एक वचन, मग त्याखालची टीप, मग जाडजूड भाष्यग्रंथातलं अख्खं पान. पुढचं पान चाळायची कुणाची टाप नव्हती. त्या वर्षी ईयोब नावाच्या देवभक्त माणसाचं पुस्तक चाललं होतं. त्याची गुरंढोरं गेली, मुलंबाळं गेली, अंगभर गळवं उठली. तो राखेत बसलेला आणि त्याच्याबरोबर महिनोन्महिने आम्हीही. मला तर चीड यायची. आई खोकत विचारायची, "अहो, बिचाऱ्याचं शेवटी काय झालं, तेवढं तरी सांगा की!"

"येईल तेव्हा कळेल. मधलं काय गाळायचं न्हाई."

एके दिवशी आईचा रिपोर्ट आणायला वडील एकटेच दवाखान्यात गेले. डॉक्टर काय म्हणाले, असं मी विचारलं, तर "औषधं बदललीत," एवढंच बोलले.

संध्याकाळी त्यांनी भाष्यग्रंथ कपाटातून काढलाच नाही. अंगठ्यानं पानांचा गठ्ठाच्या गठ्ठा उलटून म्हणाले, "आज शेवटचा अध्याय वाचूया."

आई खूश होऊन पुढं सरकली. "आणि मधलं?" तिनं हसत विचारलं.

मी चटकन वडिलांच्या तोंडाकडं पाहिलं. वडिलांनी मान वर न करता वाचायला सुरुवात केली.