कूस बदलताना
स्पिरिट आणि पावडरचा एकत्र वास आला की मला मुलुंडच्या हॉस्पिटलातला आयसीयू आठवतो. ऐंशीच्या दशकात मी तिथे नवीन नर्स होते. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी मला रिकाम्या खाटेवर उताणं झोपवलं आणि म्हणाल्या, "आता अजिबात हलू नकोस." थोड्याच वेळात माकडहाड ठणकायला लागलं. "सिस्टर, वळू का?" मी विचारलं. "तू विचारू तरी शकतेस गं, त्याने कुणाला सांगायचं?" असं म्हणत त्यांनी शेजारच्या बेशुद्ध तरुणाकडे बोट दाखवलं. भांडुपच्या कारखान्यात त्याच्या डोक्याला मार लागला होता. एकाच जागी पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, म्हणून त्याची कूस कशी बदलायची, पाठीला स्पिरिट आणि पावडर कशी चोळायची, टाचा अधांतरी कशा ठेवायच्या, ते त्यांनी शिकवलं, आणि त्यांची स्वतःची कंबर धरली असली तरी त्याला वळवायला रोज हात लावला. काही आठवड्यांनी तो शुद्धीवर आला, तेव्हा त्याच्या आईने पाठीवरून हात फिरवला. कुठेच जखम नव्हती. ती सिस्टरना बिलगून रडली. आज माझी आई अंथरुणाला खिळली आहे, आणि तिचीही पाठ तशीच नितळ आहे.