तांबडीच्या बारा डिश

जनावरांच्या संशोधन केंद्रात त्याला सगळे मामा म्हणत. वीस वर्षं तिथल्या गोठ्यात काढली. मग गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा शास्त्रज्ञ बाईंनी त्याला प्रयोगशाळेत घेतलं. बायको म्हणाली, आता काय, डोळ्यांना न दिसणाऱ्या गाई वळा. तो हसला, पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

तांबडी नावाची एक गाय होती. कडक उन्हातही तिचं दूध आटत नसे. ती म्हातारी होऊन गेली, पण त्याआधी तिच्या चरबीतून मूळपेशी काढून ठेवल्या होत्या. त्या डिशमध्ये, गुलाबी द्रवात वाढवायच्या. सहा डिश गाईच्या अंगाइतक्या उबदार पेटीत, साडेअडतीस अंशांवर. सहा दुसऱ्या पेटीत, एक्केचाळीसवर. उष्णतेनं पेशी कधी आणि कशा थकतात, ते बाईंना पाहायचं होतं.

त्या सकाळी द्रव बदलायला त्यानं दोन्ही पेट्यांतल्या बाराही डिश बाहेर काढून एकत्र ठेवल्या. झाकणांना घाम आला होता. कास धुतल्याशिवाय त्यानं जन्मात कधी धार काढली नव्हती. स्पिरिटचा बोळा घेतला, एकेक डिश मन लावून पुसली आणि बाजूला लावत गेला. बारावी पुसून झाली तेव्हा बोळ्याकडे लक्ष गेलं. बोळा निळा झाला होता. डिशवर खुणेची अक्षरं लिहायचं पेन नवं आलेलं, त्याची शाई स्पिरिटला टिकली नाही. नेहमीच्या डिशवरचा ‘न’ गेला, गरम डिशवरचा ‘ग’ही गेला.

नायट्रोजनच्या टाकीत तांबडीच्या गोठवलेल्या पेशींची एकच कुपी उरली होती. ती वितळवली आणि पेशी जगल्या नाहीत, तर तांबडीचं काहीच शिल्लक राहणार नव्हतं.

बाई यायला अर्धा तास होता. त्यानं एकेक डिश सूक्ष्मदर्शकाखाली धरली. दोन वर्षांत त्याची नजर तयार झाली होती. धडधाकट पेशी लांबट, पसरलेल्या, पाण्यात एकाच दिशेला तोंड करून राहिलेल्या मासळीसारख्या. उष्णता लागलेल्या आखडून गोल झालेल्या, काही तळ सोडून तरंगणाऱ्या. ही गरम, ही नेहमीची, ही गरम. जनावराच्या डोळ्यांवरून ताप ओळखणारा माणूस तो, भराभर ओळखत गेला. दहाव्या डिशपाशी मात्र अडला. तिच्यात थोड्या गोल होत्या, थोड्या पसरलेल्या. ती बाजूला ठेवून उरलेल्या पाहिल्या. नेहमीच्या सहा झाल्या, गरम पाच. म्हणून ती गरमांत सरकवली.

आता फक्त अक्षरं लिहायची होती. कुणाला कळणार होतं? त्यानं पेन उचललं. हात दहाव्या डिशवर गेला आणि तिथंच राहिला. पेन खाली ठेवून तो स्टुलावर बसला आणि दाराकडे पाहत राहिला.

बाई आल्या, हात धुतले, कोट चढवला. तेवढा वेळही त्याला जड गेला.

“बाई, डिशवरची अक्षरं माझ्या हातून पुसली गेली.”

“ओळखता येतील?”

“अकरा येतील. एक मी आकडा जुळावा म्हणून ढकलली.”

बाईंनी बाराही डिशवरून नजर फिरवली. मग हळूच म्हणाल्या, “मग अकराही नकोत, मामा. आपण नजरेनं निवडल्या, तर उत्तर आपल्या नजरेचं येईल. तांबडीचं येणार नाही.”

त्यानं मान खाली घातली. “गोठ्यातच बरे होतात तुम्ही,” बाई म्हणाल्या. “निदान गाय पुसली तरी गायच राहते.” बोलणं टोचलं, पण आवाजात राग नव्हता.

दुपारी शेवटची कुपी कोमट पाण्यात वितळवली. पेशी तळाला धरतात की नाही, हे दुसऱ्या दिवशीच कळणार होतं. घरी तो ताटातला भात नुसता चिवडत बसला. बायकोनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नुसतं ताट उचललं.

सकाळी बाईंनी आधी पाहिलं आणि जागा सोडली. तो वाकला. बहुतेक पेशी मेलेल्या, तरंगत होत्या. पण एका कडेला, विरळ, काही पसरल्या होत्या. त्या वाढायला बारा दिवस लागले, आणि भरल्या त्या जेमतेम आठ डिश. चार नेहमीच्या, चार गरम.

गरम पेटीत डिश ठेवायचं काम त्याचंच होतं. त्यानं चारही ठेवल्या. इतक्या जपून वाढवलेल्या पेशी आता स्वतःच्या हातानं तापवायच्या होत्या. दार लावल्यावर तो हात मुठीवरून काढेना.

“मामा,” बाई म्हणाल्या, “वेळेची नोंद करा.”

त्यानं हात काढला आणि घड्याळाकडे पाहिलं.