‘मराठीप्रेमी’ मीच होते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि आमच्या एकोडी गावात जे ओळखतात, त्यांच्या मते मी फार सरळ बाई आहे.

मी साकोलीच्या एका शाळेत मराठी शिकवते. आणि दोन वर्षं मी मोबाइलवर व्हिडिओ करत होते — नव्या मालिका, सिनेमे, त्यांबद्दलची माझी मतं. इस्त्रीची साडी नेसायची, मागे पुस्तकांचं कपाट दिसेल अशी खुर्ची मांडायची आणि म्हणायचं, ‘कथानकात सातत्याचा अभाव जाणवतो.’ बघायचं कोण? माझी बहीण. आणि मी.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. माहेर नाकाडोंगरी, शिक्षण दहावी नापास. आमचं घर एक, टीव्ही एक. ती भाजी निवडत मालिका बघायची आणि पडद्याशीच बोलत राहायची. एकदा एका मालिकेत मेलेला नवरा पाच वर्षांनी परत आला. सुनंदा म्हणाली, ‘इतके वर्सं मरून होता, अन् आला तं दाढी करून आला. सरनावर न्हावी बसला होता काय वो?’

माझ्या नवऱ्याला हसून हसून ठसका लागला. माझ्या बोलण्यावर तो असा कधी हसला होता का? मी आठवून पाहिलं. तोच भाग मीही बघत होते — मला त्यात न्हावी दिसला नव्हता.

मग माझ्या दिराने, सुरेशने, तिचं बोलणं मोबाइलवर घेऊन नेटवर टाकलं. मालिकेतली नायिका रोपं लावायला धानाच्या बांधीत उतरली होती, त्यावरचं. ‘नखाले पालिस लावून रोवना करून राहिली बाई! अन् चिखल कुठी गेला? धुऊन आनला काय?’ आठवड्याभरात भंडाऱ्यापासून गोंदियापर्यंत बायका ते एकमेकींना पाठवत होत्या. साकोलीच्या बाजारात बांगड्यावाल्या बाईने तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. आमच्या मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, ‘त्या सुनंदाबाई तुमच्या जाऊ ना? आणा की एकदा शाळेत!’ मी व्हिडिओ करते हे त्यांना माहीतच नव्हतं. आणि वर्गात मी कवितेचा अर्थ सांगत असताना मागून कुणी तरी हळूच म्हणालं, ‘चिखल कुठी गेला?’ — सगळ्या वर्गात हशा पिकला. मीही हसले. हसावं लागलं.

तुम्हाला कधी असं झालंय? समोरचं माणूस काहीच वाईट वागत नाही, उलट तुम्हाला गरम भाकर वाढतं, आणि तुम्हाला त्याचा हात बघवत नाही?

मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत बसून मी एक खोटं खातं उघडलं. नाव ठेवलं ‘मराठीप्रेमी’, फोटो मोगऱ्याचा. आणि सुनंदाच्या व्हिडिओखाली लिहिलं — ‘ही कसली भाषा? आधी मराठी नीट शिका, मग तोंड उघडा. तुमच्यासारख्यांमुळेच लोक आपल्याला हसतात.’ चार जणांनी तिची बाजू घेतली, तेव्हा मी आणखी तीन खाती उघडली आणि ‘मराठीप्रेमी’चं म्हणणं कसं बरोबर आहे ते वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं. शुद्धलेखन एकाही ठिकाणी चुकलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

‘ताई, मी इतकी खराब बोलतो काय वो?’

मी हातातला मोबाइल पालथा ठेवला.

‘लोकं हसून राहिले म्हन्ते. तुमी मास्तरीन आहा. मले शिकवा.’

तेव्हा सांगता आलं असतं. नाही का? निदान एवढं तरी — की तू बोलतेस तशीच बोल. मीसुद्धा लहानपणी ‘मले’च म्हणायचे. पण मी काय केलं? मी वही काढली. ‘बोलतो नाही, बोलते. मले नाही, मला. काहून नाही, का.’ ती समोर मांडी घालून बसायची, पोरींसारखी ओळीने लिहायची. फार लवकर शिकली. आणि मला ते शिकवताना बरं वाटत होतं.

पुढच्या व्हिडिओत ती माझ्याच खुर्चीवर ताठ बसली आणि म्हणाली, ‘मला असे वाटते की नायिकेने असे वागायला नको होते.’ खाली कुणीतरी विचारलं, ‘बाई, बिमार हाये काय?’ तिला वाटलं, अजून चुका होताहेत. ती आणखी घोकायला लागली. लोक गळत गेले. दोनेक महिन्यांनी तिने व्हिडिओ करणं सोडलं. सुरेश म्हणायचा, ‘अवं, पयलेसारखी बोल ना!’ ती म्हणायची, ‘ते अशुद्ध होतं.’ आता ती मालिका बघते, पण गप्प बघते. आमच्या घरात जेवताना कुणाला ठसका लागत नाही.

माझे व्हिडिओ वाढले का? नाही. मीही बंद केले. ती चार खाती अजून माझ्या मोबाइलमध्ये आहेत.

या उन्हाळ्यात तिची आई आली होती. सुनंदाने तिच्यापुढे पाणी ठेवलं आणि विचारलं, ‘आई, तुला चहा हवा आहे का?’ म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. मग मला म्हणाली, ‘पोरीले काय झालं वो? माह्यासंगबी पाहुनीवानी बोलते.’

सुनंदा हसली. अभिमानाने म्हणाली, ‘ताईंनी शिकवलं मला.’

म्हातारीने पदर सावरला, माझ्यापुढे वाकून दोन्ही हात जोडले. ‘लय उपकार झाले, बाई,’ म्हणाली.

मी तो नमस्कार घेतला.