बाबांची लेन्स, मिलिंदची लेन्स

गेल्या रविवारी मी आणि मिलिंद शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यात गेलो होतो... एका जुन्या वादाचा निकाल लावायला. मिलिंद माझा धाकटा भाऊ, नांदेडला असतो. वाद लेन्सचा... बाबांची जुनी बरी की त्याची नवी.

आमच्या बाबांचा लातूरला छोटासा फोटो स्टुडिओ होता. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्यांनी पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' स्वतः रंगवलं. रंग जरा ओघळला, तरी आठवडाभर रस्त्यापलीकडे उभं राहून पाटी बघायचे...

त्यांचा रेंजफाइंडर कॅमेरा आता माझ्याकडे आहे. त्याच्या छोट्या खिडकीतून समोरच्या माणसाच्या दोन आकृत्या दिसतात, रिंग फिरवत त्या एकावर एक आणायच्या आणि मग बटण दाबायचं. त्यावर बाबांची ५० एमएमची लेन्स, काच थोडी धुरकटलेली.

मिलिंदने त्याच कॅमेऱ्यावर बसणारी नवी कोरी ५० एमएम घेतली. "ताई, तू जुन्या लेन्समध्ये फोटो नाही, बाबा बघतेस," असं तो म्हणायचा. मला राग यायचा... कारण ते खरं होतं.

बाबांनी मोठ्या दुष्काळात रस्त्याच्या कामांवरचे फोटो काढले होते. त्यात खडी फोडणाऱ्या एका तरुण बाईचा फोटो, मागे पेन्सिलीने नाव आणि गाव. चौकशी केली तर त्या कोंडाबाई अजून आहेत, असं कळलं! मग ठरलं... तीच बाई, तोच कॅमेरा, अर्धा रोल जुन्या लेन्सवर, अर्धा नव्या, आणि कुठला फोटो बरा ते त्यांनीच ठरवायचं.

कोंडामावशी उंबऱ्यावर हात मांडीत घेऊन बसल्या आणि आम्ही फोटो काढले. मिलिंदने नांदेडला घरीच रोल धुतला, प्रिंट केले आणि काल आम्ही ते घेऊन पुन्हा गेलो.

बाबांच्या लेन्समध्ये चेहरा स्वच्छ, कडा मऊ, पांढऱ्या केसांभोवती उजेड सांडल्यासारखा. नव्या लेन्समध्ये लुगड्याचा धागान् धागा, प्रत्येक सुरकुती. मावशी कुठला घेतील याबद्दल मला शंकाच नव्हती...

त्यांनी दोन्ही फोटो डोळ्यांजवळ नेले. "ह्यात मी लई बरी दिसायले," बाबांच्या लेन्सवाल्याबद्दल म्हणाल्या. मी मिलिंदकडे बघून हसलेसुद्धा. तेवढ्यात त्यांनी तो बाजूला ठेवला. "पर माय, मला ह्यो दुसरा दे. ह्यात माजा अंगठा दिसायलाय."

फोटोत अंगठ्यावर आडवा, खोल वण होता. दोनदा जाऊनही आमच्या लक्षात आला नव्हता.

"तुज्या बापानं माजा फोटू काढला, अन् लगीच घाव चुकला. रगात थांबंना. तिकडं सायेब आलते, फोटू काढ म्हनून हाका मारायलते. तुजा बाप म्हनला, फोटू ऱ्हाऊ द्या. मला सायकलवर बसवलं अन् डाक्टरकडं नेलं. टाके पडले... न्हाई तर अंगठा गेलाच व्हता."

बाबा हे घरात कधी बोलले नव्हते. आईलाही माहीत नसावं.

"ह्याच अंगठ्यानं पेन धरून पुढं सही कराया शिकले, रात्रीच्या शाळंत," मावशी म्हणाल्या, आणि फोटो पदराने पुसून शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीच्या हातात दिला.

परतीच्या वाटेवर मिलिंद जिंकल्याचं एकदाही बोलला नाही.

बाबा जाऊन इतकी वर्षं झाली. त्यांच्याबद्दल आता नवीन काही कळेल असं वाटलं नव्हतं. कोंडामावशी, तुम्ही आम्हाला आमचे बाबा थोडे जास्त दिलेत... तुमचे आभार कसे मानू?